सिस्टर, जरा बीपी बघा



ज्या बाईंच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होते, त्यांनी आयुष्यभर परिचारिका घडवल्या. अशा प्रसंगी परिचर्येच्या थोर परंपरेवर बोलायची आपल्याकडे रीत आहे. मी मात्र आज एकाच कामावर बोलणार आहे. वॉर्डात, ओपीडीत, उपकेंद्रात दिवसाकाठी सगळ्यांत जास्त वेळा होणारे आणि सगळ्यांत घाईने उरकले जाणारे हे काम म्हणजे रक्तदाब मोजणे.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकते. रक्तदाब मोजणे हे कौशल्याचे काम आहे. ते शिकवावे लागते आणि शिकवलेले पुन्हा पुन्हा तपासून घ्यावे लागते. शिवाय ते नीट व्हायचे असेल तर परिचारिकेला वेळ, पाठ टेकायची खुर्ची, योग्य मापाचा पट्टा आणि रुग्णाला ‘थांबा, आधी बसा’ म्हणण्याचा अधिकार द्यावा लागतो. शिकवणे आणि तपासणे ही आम्हा शिक्षकांची जबाबदारी आहे. बाकीचे तुमच्याही हातात आहे, म्हणून हा विषय मी नर्सिंगच्या वर्गातून उचलून तुमच्यासमोर आणला आहे.

नाशिकमध्ये हे बोलण्याला कारण आहे. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ साली स्थापन झाले ते या शहरात. राज्यभरातल्या बीएस्सी नर्सिंगच्या बहुतेक विद्यार्थ्यांची परीक्षा घेणारे विद्यापीठ आपल्या दिंडोरी रस्त्यावर आहे. आणखी एक धागा आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८४२ सालचा, आपल्याच जिल्ह्यातल्या निफाडचा. त्यांच्या पश्चात त्यांच्या पत्नी रमाबाई रानडे यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे केले. त्या संस्थेने बायकांना, त्यातही विधवांना, परिचारिकेचे शिक्षण घ्यायला ससून रुग्णालयात पाठवले. परक्या माणसाच्या अंगाला हात लावायचा, रक्त-पू पुसायचा, हे काम घरंदाज बाईने करावे ही कल्पनाच त्या काळी लोकांना सोसत नव्हती. तो विरोध आता संपला. आपल्या मुलीने नर्सिंग करावे म्हणून आईबाप कर्ज काढतात. पण परिचारिकेने घेतलेल्या मोजमापाला शास्त्रीय मोजमापाचा मान अजून मिळालेला नाही. प्रयोगशाळेतून आलेल्या साखरेच्या आकड्यावर कुणी शंका घेतली तर तंत्रज्ञ यंत्र तपासतो, नमुना पुन्हा लावतो. बीपीच्या आकड्याबाबत मात्र ‘सिस्टरनी घेतलं होतं ना, मग ठीक आहे,’ इथेच विषय संपतो. हा विश्वास नव्हे. या कामात चुकण्यासारखे काही असते, हेच मुळात कुणाच्या मनात नसते.

चुकण्यासारखे किती आहे ते पाहा. डाव्या-उजव्या बाजूची गोष्ट सोडा, नुसत्या हाताच्या ठेवणीने काय होते ते सांगते. पट्टा हृदयाच्या पातळीला हवा. हात त्याखाली गेला की दर सेंटिमीटरला पाऊण मिलिमीटर पारा वाढतो, कारण तेवढ्या उंचीच्या रक्ताचे वजन त्यात मिसळते. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ साली हे माणसांवर मोजून दाखवले. टेबलावर टेकवलेल्या हाताच्या तुलनेत मांडीवर ठेवलेल्या हातात वरचे बीपी सरासरी ३.९ ने जास्त भरले, आणि बाजूला लोंबकळत्या हातात ६.५ ने. आता आपली कुठलीही गर्दीची ओपीडी आठवा. रुग्ण स्टुलावर, हात मांडीवर, पिशवी दुसऱ्या हातात, आणि समोर टेबल आहे ते केसपेपरांनी भरलेले. त्याच्या हाताला टेकायला जागाच नाही. ही चूक परिचारिकेची म्हणायची की टेबलाची?

पट्ट्याची गोष्ट याहून गंभीर आहे. इटलीतल्या सिपिओने रिवा-रोच्ची यांनी १८९६ साली दंडाला बांधायचा रबरी पट्टा आणला, तो जेमतेम ५ सेंटिमीटर रुंद होता. अरुंद पट्टा बीपी खोटेच जास्त दाखवतो हे पुढच्या काही वर्षांतच लक्षात आले आणि पट्टे रुंद झाले. नियम आता ठरलेला आहे. आतल्या रबरी फुग्याची रुंदी दंडाच्या घेराच्या ४० टक्के आणि लांबी ८० टक्के असावी. म्हणजे लहान, मध्यम, मोठा, अतिमोठा असे पट्टे हाताशी हवेत आणि दंड मोजायला टेप हवी. मी प्रशिक्षणाला जाते तिथे पहिली विचारणा हीच करते, की टेप कुठे आहे? बहुतेक ठिकाणी ती सापडत नाही, आणि पट्टा एकाच मापाचा असतो. त्याचे वेल्क्रो झिजलेले असते, फुगवताना ते चुरचुरत सुटू लागते आणि सिस्टर एका हाताने ते दाबून धरतात.

एकच पट्टा सर्वांना लावला तर किती फरक पडतो, हेही जॉन्स हॉपकिन्सच्याच संशोधकांनी २०२३ साली मोजले. ज्यांना अतिमोठा पट्टा हवा होता त्यांना नेहमीचा लावला तर वरचे बीपी १९.५ ने जास्त आले. ज्यांना लहान हवा होता त्यांचे ३.६ ने कमी आले. हा दुसरा आकडा लहान वाटतो. पण मला झोप लागू देत नाही तो हाच, आणि त्याचे कारण आपल्या जिल्ह्याच्या नकाशात आहे.

पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतल्या पाड्यांवरच्या गर्भवती बायका डोळ्यांसमोर आणा. अंगात रक्त कमी, दंड मनगटाहून थोडासाच जाड. अशा दंडाला मध्यम पट्टा गुंडाळला की बीपी खरे असेल त्याहून कमी भरते. गरोदरपणात १४०/९० ही धोक्याची रेषा आहे. त्या बाईचे खरे बीपी १४० आणि कागदावर १३६ लिहिले गेले, तर ती ‘नॉर्मल’ म्हणून घरी जाते. मग पाय सुजतात, डोके दुखू लागते, डोळ्यांसमोर अंधारी येते आणि एखाद्या रात्री झटके सुरू होतात. तोवर ती सावळघाटाच्या पलीकडे असते आणि शस्त्रक्रियेची सोय अलीकडे नाशिकला. दर महिन्याच्या ९ तारखेला सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी होते, त्या दिवशी रांग मोठी असते. माझी एएनएम भगिनींना, म्हणजे उपकेंद्रांतल्या परिचारिकांना, हात जोडून विनंती असते की, त्या दिवशी बाकी काही राहिले तरी चालेल, पण दंडाला साजेसा पट्टा आणि दुसरी मोजणी राहू देऊ नका.

आपल्या सीमेवरच्या बेळगाव आणि शेजारच्या बागलकोट जिल्ह्यात २०१४ ते २०१६ या काळात एक मोठी चाचणी झाली. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाचे संशोधक तीत होते. आशा कार्यकर्त्या आणि एएनएम यांच्या हाती गरोदरपणासाठी पारखून घेतलेले बीपीचे यंत्र देण्यात आले. त्या घरोघरी गेल्या, त्यांनी मोजले, धोका ओळखला आणि बायकांना पुढे पाठवले. एवढ्याने मातांचे आणि बाळांचे हाल लक्षणीय कमी झाल्याचे मात्र दिसले नाही, कारण पुढे पाठवलेल्या बाईला रस्ता, गाडी आणि तयारीतले रुग्णालय हेही मिळावे लागते. मला त्यातून दोन्ही गोष्टी घ्याव्याशा वाटतात. गावातल्या कार्यकर्तीला हे काम जमते. आणि तिने नीट मोजल्यावर पुढच्या साखळीने हात झटकून चालत नाही.

आता शिकवण्याकडे वळते.

निकोलाय कोरोटकोव्ह या रशियन शल्यविशारदाने १९०५ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये एक टिपण वाचले. तीनशे शब्दसुद्धा नव्हते त्यात. पट्टा फुगवून धमनी बंद करा, हळूहळू हवा सोडा आणि पट्ट्याच्या खाली स्टेथोस्कोप ठेवून ऐका, पहिला ठोका ऐकू येतो ते वरचे बीपी आणि आवाज नाहीसा होतो ते खालचे. एकशे वीस वर्षे जग या टिपणावर चालले आहे. पद्धत इतकी सोपी दिसते की ती शिकवायला अर्धा तास पुरेल असे वाटते, आणि नेमके तिथेच फसते.

वर्गात मी दोघींनी एकाच वेळी ऐकायचा जोड-स्टेथोस्कोप वापरते. त्याला छातीकडचे टोक एक आणि कानाच्या जोड्या दोन. विद्यार्थिनी मोजते आणि तिच्याबरोबर तेच आवाज मीही ऐकते. आधी ती दोन बोटांनी कोपराच्या घडीत, आतल्या बाजूला, धमनी शोधते. हे पुष्कळ जणी टाळतात, कारण स्टेथोस्कोप अंदाजाने टेकवला तरी काहीतरी ऐकू येतेच. पट्ट्याची खालची कड घडीच्या दोन बोटे वर. ब्लाउजची घट्ट बाही वर सरकवून तिचा पीळ दंडावर पडला असेल तर तो आधी सोडवायचा. मग मनगटाची नाडी धरून पट्टा फुगवायचा. समजा १५० ला नाडी बोटाखालून गेली, तर हवा सोडून द्यायची, क्षणभर थांबायचे आणि दुसऱ्यांदा १८० पर्यंत फुगवायचे. नाडीची ही पायरी वेळकाढू वाटते, पण काही रुग्णांत, विशेषतः ज्यांचे बीपी फार वाढलेले असते त्यांच्यात, वरच्या ठोक्यांनंतर आवाज मध्येच बंद पडतो आणि खाली पुन्हा सुरू होतो. नाडी न धरता अंदाजाने १५० पर्यंतच फुगवले तर तो खालचा आवाज पहिला समजला जातो आणि १९० चा माणूस १४० चा म्हणून घरी जातो.

त्यानंतर हवा सोडणे. सेकंदाला २ मिलिमीटर, त्याहून भरभर नाही. १८० वरून ८० पर्यंत यायला ५० सेकंद लागतात. घड्याळ लावून पाहा, हे ५० सेकंद फार लांब वाटतात. अनुभवी सिस्टर व्हॉल्व्ह सैल करून ते पंधरात उरकतात. अशा वेळी दोन ठोक्यांच्या मध्येच काटा बराच खाली उतरतो, वरचे बीपी कमी लिहिले जाते आणि खालचे जास्त. विद्यार्थिनीच्या अंगठ्याला ती गती बसेपर्यंत मी तिला आकडा विचारत नाही. हात बसला की कान आपोआप बसतो.

आकडा लिहिण्याचीही तऱ्हा आहे. पाऱ्याच्या किंवा काट्याच्या यंत्रावर रेघा दोन-दोनच्या असतात. म्हणजे शेवटचा अंक ०, २, ४, ६, ८ यांपैकीच येणार, आणि प्रामाणिकपणे वाचले तर शून्य साधारण पाचातून एकदा यावे. कोणत्याही ओपीडीचे रजिस्टर उघडा आणि शून्यावर संपणारे आकडे मोजा. १२०/८०, १३०/८०, १३०/९०, १४०/९० अशी रांगच दिसते. ही खोड फक्त आपल्याकडची नाही. लंडनचे साथरोगतज्ज्ञ जेफ्री रोझ यांनी १९६० च्या दशकात यावर मुद्दाम काम केले, मोजणाऱ्याला आकडा आधी ओळखता येऊ नये असे यंत्र बनवले, आणि ध्वनिमुद्रित आवाज ऐकवून मोजणाऱ्यांचे कान पारखण्याची पद्धत बसवली. साठ वर्षांपूर्वीची ही युक्ती आज मोबाइलवर फुकट करता येते. आमच्या परीक्षांमध्ये ती असायला हवी.

कुणी म्हणेल, डॉक्टर तरी कुठे नीट मोजतात? बरोबर आहे. २०१५ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या अधिवेशनात ३७ राज्यांतल्या १५९ वैद्यकीय विद्यार्थ्यांची परीक्षा घेतली गेली. बीपी मोजताना करायच्या ११ गोष्टींची यादी होती. सर्व अकरा गोष्टी बरोबर करणारा विद्यार्थी एकच निघाला. सरासरी चारच्या आसपास होती. हे सगळे विद्यार्थी ‘शिकलेले’ होते. एकदा शिकवून हे कौशल्य टिकत नाही, याचा याहून स्पष्ट पुरावा मला माहीत नाही.

आणि तरीही हे काम परिचारिकेच्याच हाती असावे असे मी ठामपणे म्हणते. इटलीतच मिलान शहरात ज्युसेप्पे मान्चिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात रुग्णांच्या धमनीत सुई ठेवून अखंड रक्तदाब नोंदवला आणि त्याच वेळी डॉक्टरांना व परिचारिकांना मोजायला पाठवले. डॉक्टर खाटेजवळ आले की रुग्णाचा दाब चढायचा. परिचारिका आली की तोही चढायचा, पण साधारण निम्माच. भीती कमी, म्हणून आकडा खऱ्याच्या अधिक जवळ. तेव्हा नीट शिकलेल्या परिचारिकेचे मोजमाप ही डॉक्टरांना वेळ नाही म्हणून केलेली तडजोड नाही. ते मुळातच जास्त भरवशाचे आहे.

यंत्रांबद्दल थोडेच बोलते. पारा विषारी असल्यामुळे मिनामाता करारानुसार पाऱ्याची यंत्रे जगभर हटवली जात आहेत, भारताने तो करार २०१८ साली मान्य केला. त्यांच्या जागी आलेले बटणाचे यंत्र शून्याची खोड मोडते, घाईने हवा सोडत नाही, कान मागत नाही. मी त्याची विरोधक नाही. पण ते यंत्र पारखून प्रमाणित केलेले हवे. शिवाय नाडी अनियमित असेल किंवा बाळंतपणातले झटक्यांचे दुखणे असेल तेव्हा ते दगा देऊ शकते, आणि हात लोंबकळतोय की टेकलाय हे त्याला कधीच कळत नाही. बटण आले म्हणून प्रशिक्षण बंद, असे जिथे झाले तिथे फक्त चूक नीटनेटक्या अंकांत छापून येऊ लागली.

वेळेचा हिशेब मात्र टाळता येत नाही. पाच मिनिटे स्वस्थ बसणे, एक मिनिट मोजणी, एक मिनिट थांबणे, पुन्हा एक मिनिट मोजणी. झाली आठ मिनिटे. ओपीडीत ६० रुग्ण असतील तर ४८० मिनिटे, म्हणजे पूर्ण आठ तास, आणि सिस्टर एक. म्हणून ‘नियम पाळा’ एवढेच सांगणारे परिपत्रक मला अन्यायाचे वाटते. उपाय आहे तो बसण्याच्या व्यवस्थेत. पाच मिनिटे रांगेतच मिळू शकतात, जर रांग उभी नसेल. मोजणीच्या टेबलाशेजारी पाठीच्या चार खुर्च्या मांडा, तिथे बोलणे नाही, मोबाइल नाही, पाय जमिनीवर, तंबाखू आणि चहा अर्धा तास आधी संपलेला, लघवीला जाऊन आलेले. एक उठला की दुसरा सरकतो. मग सिस्टरच्या वाट्याला येतात तीन मिनिटे, आणि ती द्यायलाच हवीत.

हे शक्य आहे याचा दाखला आपल्या राज्यात आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकार, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी उच्च रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम सुरू केला, तेव्हा पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातले सिंधुदुर्ग, सातारा, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे होते. ठरावीक औषधांचा एक साधा क्रम, अखंड पुरवठा, घराजवळच्या केंद्रात गोळ्या, प्रत्येक रुग्णाचा पाठपुरावा, आणि हे सगळे बहुतांशी परिचारिकांच्या खांद्यावर. या उपक्रमाला २०२२ साली संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. त्याच्या गाभ्याशी अचूक मोजणीच आहे. चुकीच्या आकड्यावर चालू झालेली गोळी आयुष्यभर चालते, आणि चुकीच्या आकड्याने न दिलेली गोळी पक्षाघाताने कळते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार भारतात ३० ते ७९ वयाच्या सुमारे १८ कोटी ८० लाख लोकांना उच्च रक्तदाब आहे. त्यांतल्या ३७ टक्क्यांनाच तो असल्याचे माहीत आहे, आणि १५ टक्क्यांचाच आटोक्यात आहे. चाळिशी ते सत्तरीच्या माणसात वरचे बीपी २० ने वाढले की हृदयविकार आणि पक्षाघाताने मरण्याचा धोका दुप्पट होतो. बसण्याची पद्धत, मापाचा पट्टा आणि हाताची ठेवण, या तीन चुका एकत्र आल्या तर २० चा फरक सहज पडतो.

माझ्या मागण्या तीन आहेत. विद्यापीठाने बीएस्सी नर्सिंगच्या प्रत्येक वर्षी ही प्रात्यक्षिक परीक्षा जोड-स्टेथोस्कोप लावून घ्यावी आणि परीक्षक व विद्यार्थी यांच्या आकड्यांत चारपेक्षा जास्त फरक पडला तर ती पुन्हा द्यायला लावावी. एएनएम आणि जीएनएम यांच्या परीक्षा विद्यापीठाकडे नाहीत, त्या परिचर्या शिक्षण मंडळाकडे आहेत. त्या मंडळानेही हेच करावे, कारण पाड्यावरचे बीपी त्याच मुली मोजतात. दुसरी, नोकरीतल्या प्रत्येक परिचारिकेची दर सहा महिन्यांनी उजळणी व्हावी, ती तिच्याच रुग्णालयातल्या दुसऱ्या परिचारिकेने घ्यावी, आणि तिचा संबंध पगारवाढीशी किंवा नोटिशीशी जोडू नये. भीती घातली की आकडे सुधारत नाहीत, फक्त सुधारलेले दिसतात. तिसरी मागणी जिल्हा परिषदेकडे आणि महापालिकेकडे आहे. प्रत्येक मोजणीच्या टेबलावर चारही मापांचे पट्टे, एक टेप आणि बाजूला पाठीच्या खुर्च्या द्या. एवढा खर्च या जिल्ह्याला जड नाही.

आणि तुमच्याकडे एक मागणे. पुढच्या वेळी दवाखान्यात जाल तेव्हा सिस्टरने ‘पाच मिनिटे बसा’ म्हटले तर घड्याळ दाखवू नका. तिने म्हटले नाही तर तुम्ही होऊन बसा, हात टेबलावर टेकवा, तोंड मिटून ठेवा, आणि तिला सांगा, ‘सिस्टर, दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे केसपेपरवर लिहा.’